लिथियम शोधणाऱ्या सेन्सरचं ‘विदर्भाचं लायसन्स’ आठ लाखांत मिळतंय, घ्यावं का?

भाऊ, तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: साकोलीकडे तुमचं दुकान आहे. ओळखीतून आलेला एक माणूस परदेशी विद्यापीठाने बनवलेल्या हातातल्या लिथियम सेन्सरचे सगळ्या विदर्भापुरते हक्क आठ लाखांत देतो म्हणतो. गोंदिया-गडचिरोलीत कंपन्या येतील आणि पैसा वर्षभरात सुटेल, असं त्याने सांगितलं आहे. मी नागपूरहून खासगी शोध-संस्थांसाठी खडकांचे नमुने गोळा करतो, म्हणून आधी यंत्राचं बोलतो.

असं यंत्र असू शकतं. तुमसरकडच्या मॅंगनीजच्या पट्ट्यात तुम्ही एक्सआरएफची ‘बंदूक’ पाहिली असेल, म्हणजे दगडावर क्ष-किरण टाकून त्यातली मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र. तिला लिथियम दिसत नाही. लिथियमचा अणुक्रमांक 3. त्यातून निघणारा क्ष-किरण इतका दुबळा असतो की तो यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच हवेत विरतो. म्हणून आम्ही त्या बंदुकीने रुबिडियम, सीझियम असले सोबती शोधतो आणि लिथियमचा अंदाज बांधतो. थेट लिथियम मोजायचं तर लिब्स लागतं: लेझरची ठिणगी दगडावर पडते, तिथला कण तापून चमकतो आणि त्या उजेडात 670.8 नॅनोमीटरची लाल रेघ दिसली की लिथियम आहे. पण हातात धरायची लिब्स यंत्रं बाजारात आधीच विकत मिळतात. त्यासाठी कुणाच्या हक्कांची गरज नाही. मग तुमचा माणूस नेमकं काय विकतोय? यापेक्षा वेगळं, स्वस्त किंवा अचूक काही असेल तरच आठ लाखांचं बोलणं सुरू होतं.

आणि तो जर म्हणत असेल की बांधावर उभं राहून जमिनीखालचं शंभर फुटांवरचं लिथियम दिसतं, तर त्याच्यात आणि हातात नारळ धरून बोअरची जागा दाखवणाऱ्या पाणाड्यात फरक नाही. लिब्स दगडाच्या पृष्ठभागावरचा मिलिमीटरहूनही लहान ठिपका पाहतं. लिथियम ज्यात सापडतं त्या पेग्मटाइट नावाच्या खडकात स्फटिक बोटाएवढे असतात; एक ठिणगी अभ्रकावर पडली तर एक आकडा, फेल्डस्पारवर पडली तर भलताच. एका आकड्यावर भुलू नका.

त्यामुळे पैशाआधी परीक्षा घ्या. दहा-पंधरा दगड घ्या, त्यात निम्मे आपल्या पश्चिम विदर्भातल्या काळ्या बेसाल्टचे. उरलेले लिथियम असलेले नमुने भूगर्भशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाकडून मागा. सगळ्यांना फक्त क्रमांक द्या. यंत्राचे आकडे त्याच्या देखत लिहून घ्या आणि तेच दगड दळून प्रयोगशाळेत आयसीपी तपासणीला पाठवा; त्यात दगड विरघळवून मूलद्रव्यं अचूक मोजतात. पृथ्वीच्या कवचातल्या सामान्य खडकात लिथियम दहा लाखांत साधारण वीस भाग असतं, खाणीच्या लायकीच्या पेग्मटाइटमध्ये लिथियम ऑक्साइड टक्का-दीड टक्का. एवढा फरकही त्याला कळला नाही, तर पुढचं वाचायची गरज नाही.

आता हक्क. पेटंट देशागणिक असतं. परदेशात मिळालेलं पेटंट भारतात लागू होत नाही. इथे वेगळा अर्ज असावा लागतो, आणि त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून फुकट पाहता येतं. क्रमांकच देत नसेल तर बोलणं तिथेच थांबवा. असेल तर विचारा की विद्यापीठाने त्याला पुढे दुसऱ्याला हक्क देण्याची मुभा दिली आहे का, तेही लेखी. 1970च्या पेटंट कायद्यानुसार असा करार लेखी नसेल तर तो चालत नाही. पेटंटमध्ये नसलेल्या इतर वस्तूही फक्त त्याच्याकडूनच घ्यायच्या अशी अट टाकली असेल, तर कलम 140 त्याच्या आड येतं. हे वकिलाला दाखवाच.

तो सांगत नाही ती गोष्ट गिऱ्हाइकाची. सेन्सर घेऊन कुणीही रानात लिथियम शोधू शकत नाही. खाण व खनिज कायद्याच्या कलम 4 प्रमाणे त्यासाठी सरकारी परवानगी लागते, मोडली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 2023च्या दुरुस्तीने लिथियम अणुखनिजांच्या यादीतून निघालं, खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली, पण ब्लॉकचा, म्हणजे खनिजासाठी आखून दिलेल्या जमिनीचा, लिलाव केंद्र सरकार करतं. जंगलाची जमीन असेल तर वनखात्याचं वेगळंच प्रकरण. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक कोण, तर भूवैज्ञानिक सर्वेक्षण, मान्यताप्राप्त शोध-संस्था आणि लिलाव जिंकलेल्या कंपन्या. यातले बरेच नागपुरातच भेटतील, आणि त्यांना यंत्र लागलं तर ते थेट बनवणाऱ्याकडून घेतील. छत्तीसगडमधला कटघोऱ्याचा लिथियम ब्लॉक 2024मध्ये लिलावात गेला. आपल्याकडे तसं काही झाल्याशिवाय ‘विदर्भाचे हक्क’ कशाच्या जोरावर विकले जातायत हे त्याला विचारा.

तरीही मन असेल तर एकहाती हक्क मागू नका. भाड्याने यंत्र देणं आणि नमुने तपासून देणं एवढ्याचा करार करा. सुरुवातीला सहा महिन्यांचा ऑप्शन घ्या, म्हणजे करार करायचा की नाही हे तेवढ्या वेळात ठरवायची मुभा, थोडी रक्कम देऊन, जी पुढे मुख्य रकमेतून वजा होईल. पैसे विद्यापीठाच्या खात्यात जावेत. त्यांच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयाला स्वतः ईमेल करा, आणि पत्ता त्यांच्या संकेतस्थळावरून घ्या, त्याने दिलेल्या कार्डावरून नको. तो ‘टोकन आजच टाका, उद्या दुसरा घेईल’ म्हणाला, तर घेऊ द्या त्या दुसऱ्याला.