जिन्यातली शेजारीण

"समोरच्या दाराशी राजकारणावरून बिनसलंय. बोलणं बंद, पण रोज जिन्यात गाठ पडतेच. काय करू?" २०२३ साली न्यायव्यवस्थेतल्या बदलांवरून इस्रायल पेटला होता, तेव्हा हा प्रश्न माझ्याकडे सारखा यायचा. त्यातली ही एक गोष्ट, ओळख पटणार नाही इतपत बदलून सांगते.

इस्रायलच्या दिमोना गावातल्या मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजाच्या, मूळच्या अलिबागकडच्या, वय अठ्ठ्याहत्तर. शेजारीण मोरोक्कोची यहुदी. चाळीस वर्षांचा शेजार. पेसाखचा सण संपला की मोरोक्कोवाल्यांच्या मिमूनाच्या रात्री तिकडून गरम मुफलेता, त्यांची पातळ पोळी, यायची, रोश हशानाला, म्हणजे यहुदी नववर्षाला, इकडून चिकाचा हलवा जायचा. त्या एप्रिलमध्ये मुफलेता आली नाही. जिन्यात शेजारणीची चप्पल वाजली की मावशी कडीवर हात ठेवून दाराआड थांबायच्या, ती खाली उतरेपर्यंत.

सुरुवातीला मी त्यांना सांगितलं, राजकारणाचा विषयच काढू नका. माझं चुकलंच. विषय निघत नव्हताच. मावशींची झोप तरीही उडालेली होती. मग विचारलं, रात्री नेमकं कोणतं वाक्य आठवतं?

बराच वेळ त्या चष्मा पुसत राहिल्या. "ती म्हणाली, तुला कोर्टाचा कसला पुळका? तुमचं तर यहुदीपणच तपासावं लागलं होतं."

१९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कचेरीने हुकूम काढला होता: बेने इस्रायलांचं लग्न लावण्याआधी मागच्या पिढ्यांची चौकशी करा. १९६४ मध्ये समाजाने जेरुसलेमात धरणं धरलं, तेव्हा कुठे त्यातून समाजाचं नाव वगळलं गेलं. मावशींचं लग्न १९६३ चं. पणजीचं नाव, गाव, सगळं विचारलं होतं त्यांना.

कोर्टावरून दोघी वाद घालत होत्या, पुढेही घातला असता. हे वाक्य मात्र मावशींच्या लग्नावर येऊन पडलं होतं. मी म्हटलं, मत पटवायला जाऊ नका, एवढं वाक्य लागलं म्हणून सांगा. तेही जिन्यातच, उभ्या उभ्या. बसून बोलायला गेलात की पुन्हा क्नेसेटपर्यंत, थेट संसदेपर्यंत, पोचाल. (शेजारी धमकावत असेल, अंगावर येत असेल, तर ही वाट नाही. तिथे आधी मदत घ्यावी.) दोन ओळी हिब्रूत आम्ही तीनदा म्हणून पाहिल्या.

शेजारणीने माफी मागितली नाही. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "आम्ही आलो तेव्हा माझ्या आईच्या अंगावर डीडीटी मारली होती. ती हे शेवटपर्यंत सांगायची." एवढंच बोलून वर गेली.

जुलैच्या शेवटी तिशा बआव आला, मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचा उपास, आपल्या बेने इस्रायलांचा बिरड्याचा सण. मावशींनी वाल जरा जास्तच भिजत घातले होते. शेजारणीच्या गॅलरीतला फलक अजून आहे, मावशींचंही मत तेच आहे. डबा तिसऱ्या दिवशी परत आला, आत मिठातली लिंबं.