वसाहतीतली मुलं आणि तुझा वर्ग

प्रिय भाऊ,

तळोद्याकडची शाळा मिळाली, बरं झालं. वर्गात काही मुलं गावातली, काही पुनर्वसन वसाहतीतली. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात नंदुरबारच्या अक्कलकुवा-अक्राणी तालुक्यांतली गावं बुडाली, तिथून आलेल्यांची ही पोरं-नातवंडं. जन्मली इथेच, तरी ‘बाहेरची’ हा शिक्का सुटलेला नाही. परिपाठात समतेवर बोलायचं म्हणतोस, ते राहू दे. मुलं माना डोलावतात आणि खिचडीला पुन्हा वेगवेगळी बसतात.

त्यापेक्षा पाठाचे तुकडे कर. गोरी, काळी मुलं नव्यानं एका वर्गात आली आणि वातावरण तापलं, तेव्हा १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी हेच केलं. चौघांचा मिश्र गट, परिसर अभ्यासाच्या एका पाठाच्या चार चिठ्ठ्या, प्रत्येकाला एकच. आधी सगळ्या गटांतले सारख्या चिठ्ठीवाले एकत्र बसून दहा मिनिटं तयारी करतात, मग आपल्या गटात परतून समजावतात. शेवटी पूर्ण पाठावर पाच गुणांची चाचणी, ज्याची त्याची. शेजाऱ्याचं ऐकलं नाही तर आपलेच गुण जातात.

ती दहा मिनिटं कधीच गाळू नकोस. घरी पावरी, म्हणजे पावरा आदिवासींची बोली, बोलणारी मुलगी पुस्तकी मराठीत अडखळते. तयारी नसली की ती गप्प होते, शेजारचा चिठ्ठी ओढून घेतो आणि ‘यांना काही येतच नाही’ हे मत आणखी पक्कं होतं. गटांत बक्षीसही लावू नकोस. हरलेला गट खापर तिच्यावरच फोडतो. गट पाच-सहा आठवडे तेच ठेव.

पहिली-दुसरीला चिठ्ठ्या झेपत नाहीत, तिथे मैत्रीच्या गोष्टी सांग. इंग्लंडमध्ये पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना निर्वासित मुलांशी मैत्रीच्या गोष्टी वाचून दाखवल्या. तो अभ्यास २००६ मध्ये छापून आला. ज्या गोष्टींत मूल निर्वासितही राहिलं आणि त्याच शाळेचंही झालं, त्यांचा परिणाम सगळ्यात चांगला झाला. म्हणून तुझ्या गोष्टीतली पावरा पोरगी काठी गावच्या होळीला जाऊ दे, घरी पावरीत बोलू दे आणि शाळेच्या खो-खो संघातही असू दे. ‘आपण सगळे सारखेच’ म्हणत तिचं पावरापण पुसू नकोस.

तिला उभं करून ‘तुमचं गाव कसं बुडालं, सांग’ असं मात्र कधी विचारू नकोस. हौशी पाहुणे विचारतात, त्यांनाही थांबव. चिडवाचिडवी कानावर आली तर तिथल्या तिथे एका वाक्यात थांबव; समजावणं नंतर, एकट्याला बाजूला घेऊन. पंगत उद्यापासूनच गटानुसार बसव.

कळावे.