पहिल्यांदा पोझ द्यायला जाशील तेव्हा

चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून सगळ्यांसमोर कपडे उतरवायची धास्ती तुला आत्ता वाटतेय, पण ती पहिल्या काही मिनिटांतच ओसरते. समोरचे तुझ्याकडे बघत असतात ते खांद्याचा उतार आणि कमरेचा कोन पकडायला. खरा त्रास देतो तो गुडघा.

सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांच्या पोझमध्ये हवं तेवढं वळ, वाक, हात वर कर. चित्रकारांना तिथे हालचालच हवी असते. वीस मिनिटांच्या पोझमध्ये मात्र हात डोक्यावर ठेवायचा मोह आवर. मी एकदा ठेवला होता. सातव्या मिनिटाला बोटांना मुंग्या, बाराव्याला हात कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा, आणि तोपर्यंत कोपर हळूहळू चार बोटं खाली आलं होतं. मला पत्ताच नाही! एका चित्रकाराने तेच कोपर तीनदा खोडून काढलं, बिचारा.

उभं राहायचं तर भार एका पायावर घे, पण गुडघा मागे ताणून कुलूप लावल्यासारखा ठेवू नकोस, त्याने चक्कर येते. भिंतीवरचा एखादा डाग हेरून नजर तिथेच ठेव. मधल्या सुट्टीआधी पावलांभोवती खडूने खूण करून घे, नाहीतर परत आल्यावर सावल्या जुळत नाहीत. अंगावर घ्यायला झगा ने. आणि सुट्टीत चित्रं बघायला जायचं की नाही, ते तुझं तू ठरव. मी जाते. कधी नाक भलतंच निघतं, पण माझी थकलेली पाठ कुणीतरी अचूक पकडलेली असते.