आयर्लंडचा जीडीपी : आधी छेद तपासा

आयर्लंडचे तिमाही आकडे जाहीर झाले की आठवडाभरात माझ्याकडे तेच ते प्रश्न येतात. निम्मे तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींचे, निम्मे इथून तिथे जाऊ पाहणाऱ्यांचे. आयर्लंडइतका फसवा जीडीपी दुसऱ्या कुठल्या श्रीमंत देशाचा क्वचितच असेल, आणि त्या आकड्याच्या भरवशावर लोक कर्ज काढतात, घर घेतात, मुलाला परदेशी धाडतात. म्हणून यावेळी सगळे प्रश्न एकत्र घेतो आहे.

जीडीपी आणि जीएनआय यांत नेमका फरक काय? (विद्यार्थिनी, सोलापूर)

देशाच्या अर्थव्यवस्थेत जे उत्पादन झालं, तो जीडीपी. त्यातून परदेशी मालकांचा नफा वगैरे वजा करायचा, आपल्या लोकांची परदेशातली कमाई मिळवायची, की ढोबळमानानं जीएनआय म्हणजे सकल राष्ट्रीय उत्पन्न मिळतं. बहुतेक देशांत हे दोन आकडे जवळजवळ सारखे असतात, आयर्लंडमध्ये नसतात.

लिओ वराडकर मूळ आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचे. त्यांनी आयर्लंडचा जीडीपी एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढवला, असा संदेश आमच्या ग्रुपवर फिरतोय. खरं का? (मालवण)

नाही. ती उडी २०१५ च्या आकड्यांतली आहे, वराडकर पंतप्रधान झाले जून २०१७ मध्ये. गावाला त्यांचा अभिमान वाटणं स्वाभाविक आहे, पण हा संदेश कृपया पुढे पाठवू नका.

मग ती २६ टक्के वाढ आली कुठून? आकडेच चुकले होते का? (अभियंता, नाशिक)

आकडेमोड चुकली नव्हती. १२ जुलै २०१६ रोजी आयर्लंडच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१५ सालची वाढ २६.३ टक्के जाहीर केली. अमेरिकी अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी तिला ‘लेप्रिकॉन अर्थशास्त्र’ म्हटलं. लेप्रिकॉन म्हणजे आयरिश लोककथांमधला सोन्याचा हंडा लपवून ठेवणारा बुटका. नाव गाजलं आणि लोकांचा समज झाला की कार्यालयानं लबाडी केली. हा आरोप मला अजूनही खटकतो. कार्यालयानं आंतरराष्ट्रीय नियम तंतोतंत पाळले होते. जे घडत होतं त्याच्यासाठी तो नियमच अपुरा होता.

घडलं ते असं. काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटं, सॉफ्टवेअरचे हक्क, अशी बौद्धिक संपदा आयर्लंडमधल्या आपल्याच उपकंपन्यांच्या नावावर केली. कागदावरचा मालक बदलला आणि त्या हक्कांतून येणारी जगभरची मिळकत आयर्लंडच्या जीडीपीत जमा होऊ लागली. विमानं भाड्यानं देणाऱ्या कंपन्यांचंही तसंच, विमान उडतं भलतीकडे आणि मालमत्ता म्हणून नोंदलं जातं आयर्लंडमध्ये. तिसरा प्रकार कंत्राटी उत्पादनाचा. समजा, एखादं उपकरण चीनमध्ये जोडलं आणि जर्मनीत विकलं. सुट्ट्या भागांची आणि तयार मालाची मालकी आयरिश कंपनीकडे असेल, तर ती विक्री आयर्लंडची निर्यात धरली जाते. कॉर्कच्या बंदरात त्यातलं एक खोकंही उतरलेलं नसतं.

यावर उपाय सुचवायला मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर फिलिप लेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून २०१७ मध्ये ‘सुधारित सकल राष्ट्रीय उत्पन्न’ पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. आयरिश लोक त्याला ‘जीएनआय स्टार’ म्हणतात. बौद्धिक संपदेवरचा आणि भाड्याच्या विमानांवरचा घसारा (म्हणजे झिजेपोटी धरलेली रक्कम), तसंच फक्त मुख्यालय आयर्लंडला हलवलेल्या कंपन्यांचा राखून ठेवलेला नफा, एवढं त्यातून वगळलेलं असतं. आयर्लंडबद्दल एकच आकडा पाहायचा असेल तर हा पाहा.

मुलाला मास्टर्ससाठी डब्लिनला पाठवतोय. सल्लागार संस्थेच्या माहितीपत्रकात ‘दरडोई उत्पन्न एक लाख डॉलर’ असं छापलंय. म्हणजे दोन वर्षांत कर्ज फिटेल ना? (पालक, पुणे)

तुम्ही माहितीपत्रकाचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. गुळगुळीत कागद, हिरवी कुरणं आणि त्यावर ठळक टाइपात तो आकडा. खाली तारीख नाही, आधार नाही. मुख्य म्हणजे तो कुणाच्याही पगाराचा आकडा नाही, तो लोकसंख्येनं भागलेला जीडीपी आहे.

तोच भागाकार आपण पुन्हा करू. २०२२ मध्ये आयर्लंडचा जीडीपी सुमारे ५०,६०० कोटी यूरो होता. त्याच वर्षीच्या जनगणनेत लोकसंख्या भरली साडेएक्कावन्न लाखांच्या आसपास. माणशी आले सुमारे ९८,००० यूरो. आता छेद तोच ठेवा आणि वर सुधारित राष्ट्रीय उत्पन्न घ्या. ते होतं सुमारे २७,३०० कोटी, म्हणजे माणशी ५३,००० यूरो. जवळजवळ निम्मं. आणि हाही पगार नव्हे, त्यात कंपन्यांचा नफा आणि सरकारचा वाटा आहे. घरखर्चाच्या अंगानं पाहिलं तर आयरिश माणसाचा प्रत्यक्ष उपभोग युरोपीय संघाच्या सरासरीच्या आसपासच राहतो. जीडीपी मात्र सरासरीच्या दुपटीच्या घरात दाखवतो.

शिक्षणसंस्थांचे दलाल हा आकडा मुद्दाम वापरतात. डब्लिनचं घरभाडं त्या पत्रकात नाही. सत्र चालू असताना परदेशी विद्यार्थ्याला आठवड्याला २० तासच काम करता येतं, हेही नाही. सही करण्याआधी बँकेच्या शैक्षणिक कर्ज अधिकाऱ्याकडून हप्त्याचं वेळापत्रक लिहून घ्या. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षाला स्वतः ईमेल करा आणि त्या अभ्यासक्रमाच्या गेल्या दोन वर्षांतल्या विद्यार्थ्यांशी मुलाला बोलू द्या. सल्लागार संस्थेला कमिशन विद्यापीठाकडून मिळतं की तुमच्याकडून, हेही विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा.

२०२५ च्या पहिल्या तिमाहीची वाढ आधी ३.२ टक्के सांगितली, मग ९.७. इतका फरक कसा? मी माझे फंड विकावेत का? (आयटी कर्मचारी, डब्लिन)

एप्रिलअखेरीस आला तो प्राथमिक अंदाज, जूनमध्ये आला तो अधिक पूर्ण माहितीवरचा. मोजक्या औषध कंपन्यांची उलाढाल तिमाही आकडा हलवू शकते, आणि तेव्हा अमेरिकेचं आयातशुल्क लागण्याआधी माल पोचवायची घाई सुरू होती. पुढे हाही आकडा बदलला. प्राथमिक अंदाज बदलणारच, म्हणून तर त्याला प्राथमिक म्हणतात. आणखी एक. अमेरिका तिमाही वाढ वार्षिक दरानं सांगते, आयर्लंड नुसती तिमाहीची. दोन्ही शेजारी ठेवून तुलना करणारे तक्ते खुशाल बाजूला सारा.

प्रसिद्धीपत्रकात ‘सुधारित देशांतर्गत मागणी’ अशी एक ओळ असते. घरांचा खर्च, सरकारचा खर्च आणि विमानं-पेटंटं वगळून उरलेली गुंतवणूक तिच्यात येते. तुमच्या कंपनीचे, तुमच्या गल्लीतल्या दुकानाचे दिवस कसे आहेत, ते तिथे कळतं. २०२३ मध्ये जीडीपी आकसला होता, ही मागणी मात्र वाढत होती आणि रोजगारही.

फंड विकायचे की नाही, हे एका तिमाहीवर ठरवू नका आणि माझ्या उत्तरावरही नको. तुमचं वय, कर आणि गरज पाहून सांगेल अशा अधिकृत सल्लागाराकडे जा.

आयर्लंडच्या संसद भवनातल्या सायकल स्टँडवर ३,३६,००० यूरो उडवले. हेसुद्धा जीडीपीत वाढ म्हणून धरतात? (लिमरिक)

हो, खर्चाच्या किमतीला. सरकारी काम बाजारात विकलं जात नाही, म्हणून ते बहुतांशी जेवढ्याला पडलं तेवढ्याचं धरतात. ३६ सायकली उभ्या राहतील असा निवारा निम्म्या पैशांत झाला असता तर जीडीपी तेवढा कमी दिसला असता. पैसा कारणी लागला का, हे जीडीपी सांगत नाही. ते लेखापरीक्षकाच्या अहवालात वाचावं लागतं.

घरकाम मोजतात का? आणि अमली पदार्थ? (गृहिणी, ठाणे)

स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम मोजत नाहीत. अमली पदार्थांच्या व्यापाराचा अंदाज मात्र युरोपीय नियमांनुसार २०१४ पासून धरतात. तुम्हाला हे अन्यायाचं वाटलं असेल तर मी तुमच्या बाजूनं आहे.

२०२२ मध्ये सरकारी खर्च जीडीपीच्या जेमतेम २१ टक्के, कर्ज ४४ टक्के, वर कॉर्पोरेट कराचा पूर. तरी इथे घरं मिळत नाहीत, रुग्णालयात तासन्‌तास ताटकळावं लागतं. सरकार कंजूष आहे असं सगळेच म्हणतात. बरोबर ना? (परिचारिका, डब्लिन)

तुमची तक्रार खरी आहे, रात्रपाळीत तुम्ही ती डोळ्यांनी पाहता. पण ‘सगळेच म्हणतात’ ते गणित चूक आहे, आणि आयर्लंडच्या बाबतीत माझी सगळ्यांत मोठी काळजी नेमकी हीच आहे. म्हणून सविस्तर सांगतो.

२०२२ अखेर सरकारी कर्ज होतं सुमारे २२,५०० कोटी यूरो. जीडीपीनं भागा, ४४ टक्के येतात. सुधारित राष्ट्रीय उत्पन्नानं भागा, ८२ टक्के. खर्चाचे २१ टक्के तसेच ३९ च्या घरात जातात. कर्ज तेच, खर्च तोच, फक्त छेद बदलला आणि काटकसरी देश मध्यम खर्चिक झाला. कर्ज फेडायचं ते देशातल्या लोकांच्या उत्पन्नातून. अमेरिकी कंपनीच्या पेटंटावरचा घसारा त्या कामी येत नाही. पण युरोपीय संघाच्या ६० टक्के कर्जाच्या आणि ३ टक्के तुटीच्या मर्यादा जीडीपीवरच मोजतात. म्हणजे ब्रसेल्सची धोक्याची घंटा आयर्लंडसाठी फार उशिरा वाजेल.

आता पूर. कॉर्पोरेट कराचा महसूल २०१४ मध्ये ४६० कोटी यूरो होता, २०२२ मध्ये २,२६० कोटी. एकूण करमहसुलाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. आणि त्यातला निम्म्याहून अधिक भरतात अवघे दहा मोठे करदाते. त्यांपैकी दोघा-तिघांनी आपली पेटंटं उद्या दुसऱ्या देशात हलवली, किंवा वॉशिंग्टननं नियम बदलला, तर काय होईल? जी रक्कम कागदाच्या एका फेऱ्यात आली, ती तशीच जाऊ शकते.

हे भीती घालायला सांगत नाही, आयर्लंडमध्ये हे एकदा झालेलं आहे. २००८ च्या आधी घरांच्या खरेदी-विक्रीतून मुद्रांक शुल्काचा असाच पूर आला होता. तो कायमचा समजून पगार वाढवले, कर कमी केले. बाजार कोसळला, ते शुल्क आटलं आणि वर बँका वाचवाव्या लागल्या. २०१० ची तूट जीडीपीच्या ३२ टक्क्यांच्या आसपास गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ८,५०० कोटी यूरोंचं बचाव पॅकेज घ्यावं लागलं. सरकारी नोकरांचे पगार कापले गेले, त्यात परिचारिकाही होत्या. तुमच्या वॉर्डातल्या जुन्या सहकाऱ्यांना विचारा. त्यांना ते महिने आठवत असतील.

म्हणून एकदाचा खर्च आणि दरवर्षीचा खर्च यांत फरक करायलाच हवा. अनिश्चित महसुलातून पूल बांधा, जलवाहिन्या टाका, घरांसाठी जमीन तयार करा. त्यातून कायमचे पगार आणि करसवलती देऊ नका. २०२४ मध्ये सरकारनं दोन राखीव निधी उभारले, हे योग्य झालं. पण निव्वळ खर्चाची वाढ वर्षाला ५ टक्क्यांत ठेवण्याचा २०२१ मध्ये स्वतःच घातलेला नियम सरकारनं वारंवार मोडला, आणि सरकारच्या अर्थसंकल्पावर स्वतंत्रपणे नजर ठेवणारी वित्तीय सल्लागार परिषद प्रत्येक अहवालात तेच सांगत राहिली. याबद्दल मला खरोखर राग येतो. मुलांच्या राष्ट्रीय रुग्णालयाचा खर्च २०१७ मध्ये ९८ कोटी यूरो धरला होता, २०२४ मध्ये मंजुरी २२० कोटींच्या पुढे गेली. याला कंजुषी म्हणता येणार नाही. पैसा आहे, पण बांधणारे हात, परवानग्या आणि देखरेख कमी पडते, आणि प्रत्येक वर्षाची दिरंगाई बिलात चढते.

तुमच्या स्वतःच्या भाड्याचा किंवा घराचा प्रश्न असेल तर कोणत्या सरकारी योजनेत बसता, ते जवळच्या सिटिझन्स इन्फर्मेशन केंद्रात जाऊन विचारा. तिथे पैसे लागत नाहीत. फेसबुक ग्रुपवर विचारू नका.

औषध कंपनीत आहे. ‘जीडीपी वाढतोय, आत्ताच घ्या’ असं एजंट म्हणाला, म्हणून कॉर्कला घराचं बुकिंग डिपॉझिट भरलं. शुक्रवारी करारावर सही आहे. घाई केली का? (कॉर्क)

हे मला डिपॉझिट भरण्याआधी विचारायला हवं होतं. तरी उशीर झालेला नाही. करारावर सही होईपर्यंत बुकिंग डिपॉझिट सहसा परत मिळतं. एजंट विकणाऱ्याचा असतो, त्याचा जीडीपीचा दाखला विसरा. तुमचा पगार ज्या क्षेत्रातून येतो, तेच क्षेत्र हा आकडा वरखाली करतं. म्हणजे आकडा चढलाय म्हणून तुमची नोकरी पक्की, असं होत नाही. पहिलं घर घेणाऱ्याला उत्पन्नाच्या चौपटीपर्यंत कर्ज मिळू शकतं, पण तेवढं घेतलंच पाहिजे असं नाही. सहा महिने पगार नसताना हप्ता भरता येईल का, ते कागदावर मांडा. तो कागद घेऊन गुरुवारच्या आत तुमच्या सॉलिसिटरला भेटा आणि त्यांनी होकार देईपर्यंत सही करू नका.