एकटं राहतो, घरात प्राणी पाळायची परवानगी नाही, तरी प्राणी आणि ऋतू यांच्यामुळे रोजचा दिवस बरा जाऊ शकतो का?

तुम्ही लिहिलंय की सकाळी उठावंसंच वाटत नाही, घरमालक प्राणी पाळू देत नाही, आणि जो तो सांगतो निसर्गात रमा, पण रमा म्हणजे नक्की करायचं काय ते कोणीच सांगत नाही. हो, फरक पडतो, मला पडलाय, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

माझी नोकरी गेली तेव्हा मी आठेक महिने घरीच होते. पैशांची काळजी होतीच पण त्याहून वाईट म्हणजे मंगळवार आणि शनिवार यात काही फरकच उरला नव्हता. कोणी माझी वाट बघत नव्हतं आणि काही बदलतही नव्हतं. मोटिव्हेशनचे व्हिडिओ भरपूर बघितले, त्याने काडीचाही फरक पडला नाही. फरक पडला तो जिन्यात येणाऱ्या एका मांजरीमुळे आणि भिंतीवर पडणाऱ्या उन्हामुळे.

मांजर राखाडी होती, डाव्या कानाचा तुकडा गेलेला. सकाळी सव्वासातच्या आसपास यायची आणि जिन्याच्या वळणावर बसायची. पहिले दहा-बारा दिवस मी एक पायरी जरी पुढे सरकले तरी ती उठून जायची. मग कुठेतरी वाचलं की मांजराकडे टक लावून बघितलं तर त्याला ती धमकी वाटते, त्यापेक्षा आपण डोळे अर्धवट मिटायचे, सावकाश बंद करायचे, सावकाश उघडायचे. इंग्लंडमधल्या ससेक्स युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये हेच तपासलं होतं, माणसाने असे डोळे मिटले तर मांजरंही डोळे बारीक करतात आणि अनोळखी माणसाच्या जवळ यायलाही जास्त तयार होतात. म्हणून मी खालच्या पायरीवर बसून रोज तेच करायला लागले. एका सकाळी तिने आधी पापण्या अर्ध्यावर आणल्या, तिथेच थांबली, मग पूर्ण मिटल्या, आणि इतका वेळ सारखं हलणारं शेपटीचं टोक थांबलं. बस, एवढंच झालं. पण त्या दिवशी मी घरात येऊन कित्येक दिवसांनी पांघरुणाची घडी घातली.

मला वाटतं यातली खरी गोष्ट गोंडसपणा ही नाहीच. ती सव्वासातला यायची म्हणून मी सातला उठायला लागले, म्हणजे माझ्या दिवसाला एक वेळ लागली. शिवाय तिला माझ्या नोकरीशी, माझ्या वयाशी, मी काल रात्री रडले होते का नाही याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, आणि त्याचा मला फार आधार वाटायचा, माणसांसमोर तेव्हा सारखं काहीतरी सांगावं लागायचं ना.

फोनवर प्राण्यांचे रील्स बघून हेच होईल असं समजू नका. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत 249 विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झालाय, त्यात ज्यांनी फक्त 10 मिनिटं कुत्र्यामांजरांना हाताळलं, कुरवाळलं त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं हार्मोन नंतर कमी भरलं, आणि नुसते फोटो बघणाऱ्यांपेक्षा ते कमी होतं. त्यामुळे ओळखीत कोणाकडे कुत्रा असेल तर संध्याकाळी मी फिरवून आणू का असं विचारा, बहुतेक जण हो म्हणतात. घरमालक उद्या परवानगी देईल कदाचित, पण मनाचं औषध म्हणून घाईने पिल्लू आणू नका असं मी कळकळीने सांगेन, कुत्रा दहा-बारा वर्षं तुमच्या भरवशावर असतो आणि तुमच्या वाईट दिवसांतही त्याला बाहेर न्यावंच लागतं.

आता ऋतूंचं. माझ्या खोलीत सकाळी उन्हाचा एक पट्टा भिंतीवर पडायचा. काहीच करायला नव्हतं म्हणून एकदा बरोबर आठ वाजता त्याच्या कडेला पेन्सिलने खूण केली, मग दर रविवारी करत गेले. डिसेंबरच्या शेवटी खुणा एकमेकींवरच पडत होत्या, वाटलं सोडून द्यावं, पण फेब्रुवारी संपता संपता त्या सुट्या झाल्या आणि मार्चमध्ये तर आठवड्याला चार-चार बोटं अंतर पडायला लागलं. याचं कारण पृथ्वीचा आस साधारण साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, त्यामुळे 21 डिसेंबरच्या सुमारास सूर्याची जागा रोज जवळजवळ तीच राहते आणि 21 मार्चच्या सुमारास सगळ्यात भराभर बदलते. शाळेत हे पाठ केलं होतं, भिंतीवर बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. मी आठवडाभर पलंगावर पडून होते तरी काहीतरी पुढे सरकत होतं आणि त्याचा पुरावा समोर होता.

खिडकीतून एखादं झाड दिसत असेल तर पलंग किंवा खुर्ची तिकडे वळवा. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने 1984 मध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरच्या पेशंटांच्या नोंदी तपासल्या होत्या, ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची जोरकस औषधंही कमी लागली. पण बघायचं म्हणजे एकच फांदी धरायची. पानगळ झाल्यावर जवळून बघा, बऱ्याच झाडांना पान गळालेल्या जागेच्या अगदी वर पुढच्या पानाचा कोंब आधीच बसलेला असतो, लहानसा, घट्ट मिटलेला.

आणि सकाळी 15-20 मिनिटं बाहेर जाच, ढगाळ असलं तरी. घरातल्या दिव्यापेक्षा ढगाळ आभाळाचाही उजेड कितीतरी पट जास्त असतो आणि झोप-जागेचं शरीरातलं घड्याळ त्याच उजेडावर लागतं.

एक मात्र, सकाळी उठावंसंच न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त सतत चाललं असेल, झोप-भूक गेली असेल किंवा जगणंच नको असं मनात येत असेल तर मांजर आणि झाड पुरणार नाही, आधी डॉक्टरकडे जा. मी पण गेले होते, आणि या गोष्टी त्याच्या जोडीने केल्या.

तुम्ही उद्या एवढंच करा, आठ वाजता ऊन जिथे पडेल तिथे खूण करा, भिंत खराब करायची नसेल तर कागदाची पट्टी चिकटवा. रविवारी दुसरी खूण करा आणि किती सरकलं ते मला इथे लिहा, मी वाट बघतेय.