निबंधात ‘दाखव, सांगू नको’ म्हणजे फक्त किस्सेच लिहायचे का?

‘मी मेहनती आहे, माझ्यात नेतृत्वगुण आहेत’ असं लिहिलेला तुमचा एमबीए प्रवेशाचा निबंध सिनिअरने ‘दाखव, सांगू नको’ म्हणून परत केला. आता तुम्ही विचारताय, नुसते प्रसंगच लिहू का?

नुसते नकोत, पण सुरुवात प्रसंगापासूनच करा.

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, माझ्या काकांची आडत आहे; शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून देण्याचं दुकान. मी पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘दुष्काळी भागात वाढल्याने माझ्यात चिकाटी आली.’ सोबत 2016 च्या एप्रिलात मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वेही घातली. ताईने वाचून विचारलं, “रेल्वे आली, पण तू काय केलंस?” घागरी घेऊन रांगेत उभा होतो, एवढंच. तो परिच्छेद काढला.

मग सोयाबीनच्या हंगामातला एक दिवस लिहिला. औशाकडचे एक शेतकरी मामा सात कट्टे, म्हणजे पोती, घेऊन आले. मीटरवर ओलावा 17 टक्के दिसला आणि भाव पडला. मामा म्हणाले, “मशीन तुमचं, आकडा बी तुमचाच.” मी त्यांनाच प्रत्येक कट्ट्यातून मूठभर दाणे काढायला सांगितले आणि एकेक मोजलं. पाच कट्टे 12 च्या आत निघाले. ताडपत्रीबाहेर राहिलेले दोनच भिजले होते. ते वेगळे लावले. दुसऱ्या दिवशी मीटर गादीमागून उचलून काट्याशेजारी ठेवलं, शेतकऱ्याला आकडा दिसेल असं. काका आठवडाभर नीट बोलले नाहीत. हेही लिहिलं. ‘प्रामाणिकपणा’ हा शब्द मात्र कुठेच लिहावा लागला नाही.

आता सांगायचं कुठे? वाचणाऱ्याला आडत म्हणजे काय ते माहीत नसतं. ते एका वाक्यात सरळ सांगा, तिथे दृश्य रंगवत बसू नका. दुसरं, ‘का’. स्टॅनफर्ड विचारतं, तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काय आणि का? मी मीटर का हलवलं हे प्रसंगातून आपोआप कळत नाही. माझे आजोबा याच मोंढ्यात माल विकायला यायचे आणि पट्टीवरचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावरचा, आकडा न वाचताच अंगठा उठवायचे, हे मला स्पष्ट लिहावं लागलं.

हार्वर्डच्या नेतृत्वावरच्या निबंधाला 250 शब्दांची मर्यादा आहे. त्यात एकच प्रसंग मावतो, म्हणून ज्यात निर्णय तुमचा होता तोच घ्या. तुम्ही डाळमिलमध्ये चार वर्षं काढलीत म्हणता. तिथे कुणाचा तरी रोष पत्करून केलेली एक गोष्ट आठवा आणि आधी ती घरच्यांना तोंडी सांगून बघा. ते मधेच जे प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरं निबंधात हवीत.