सायकलची रोड रेस शिकायचीये ना, मग किगालीची रेस बघ

बेटा, धुळ्याहून लळिंगचा घाट चढून आलीस, भारी, पण नुसत्या पायाच्या जोरावर रोड रेस जिंकता येत नाही बरं. २०२५ ची महिलांची वर्ल्ड चॅम्पियनशिप बघ, रवांडात किगालीला झालेली, सुमारे १६४ किमी आणि सगळा चढउतार. मोठ्या नावाच्या रायडर एकमेकींकडेच बघत राहिल्या, आता ही जाईल मग मी जाईन, आणि तेवढ्यात कॅनडाची मॅग्डलीन व्हॅलिएर पुढच्या छोट्या ग्रुपमधून जिंकून गेली. त्यात एक गंमत म्हणजे तिथे रोजच्या टीमची नाही तर देशाची जर्सी असते, म्हणजे वर्षभर सोबत रेस करणाऱ्या मुली त्या दिवशी विरोधात.

२०२२ ची ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँगची वर्ल्ड चॅम्पियनशिप पण बघ, नेदरलँड्सच्या आनेमिक व्हान व्ल्यूटेनचं कोपराचं हाड मोडलेलं, उभं राहून पेडल मारता येत नव्हतं तर तिने शेवटच्या किलोमीटरला सगळ्यांना गाफील पकडलं.

म्हणून आधी दुसरीच्या चाकामागे चिकटून चालवायला शिक. साक्रीकडे पवनचक्क्या उगाच नाहीत उभ्या, तिथे समोरून वारा आला की एकटीचा जीव जातो आणि मागे बसलेली आरामात येते. पुढच्या चाकाकडे टक लावू नको, नजर तिच्या खांद्यावरून पुढे. खाणं भूक लागायच्या आधीच, आपल्याकडे केळीला काय तोटा, ते पाकिटातलं एनर्जी जेल-बिल नंतर घे. आणि मे महिन्यात पहाटेच निघ, नऊला घरी.